लग्नसराईआधी घोडीला खरारा का हवा? फाल्गुन-चैत्रातील घोड्याची काळजी, सोप्या शब्दांत

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन, जि. जालना) : होळी जवळ आली की या भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. दुपारचे ऊन टोचू लागते आणि लग्नाच्या तारखा पक्क्या होऊ लागतात. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या पंचक्रोशीत नवरदेवाचा परण्या आजही घोडीवरूनच निघतो. त्यामुळे ज्याच्या दारात घोडी आहे, त्याची वर्षाची बरीचशी कमाई पुढच्या तीन महिन्यांवर अवलंबून असते.

नेमक्या याच दिवसांत घोडीचे थंडीचे केस गळू लागतात. अंगावर हात फिरवला तरी मूठभर केस निघतात. अनेकांना हा फक्त दिसण्याचा प्रश्न वाटतो. वरातीच्या दिवशी धुऊन, सजवून काम भागेल, असाही समज असतो. प्रत्यक्षात गळत्या केसांखाली गोचीड, खोगिराचा जुना व्रण, गाठ किंवा उतरलेली तब्येत लपलेली असू शकते. ती शोधण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे रोजचा अर्ध्या तासाचा खरारा.

थोडक्यात महत्त्वाचे

• खरारा म्हणजे केवळ साफसफाई नाही, ती घोड्याची रोजची तपासणी आहे.
• गाई-बैलांचे गोचिडाचे औषध आणि गुरांचे तयार खाद्य घोड्याला घातक ठरू शकते.
• बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर परिणाम करतो.
• काटेरी लगाम वापरण्यास कायद्याने बंदी आहे.
• अंगावर गाठी, नाकातून चिकट स्राव दिसल्यास हात लावू नका, पशुवैद्यकाला बोलवा. टोल फ्री क्रमांक १९६२.

केस आत्ताच का गळतात?

ऊन वाढले म्हणून केस गळतात, असे सर्रास म्हटले जाते. पण मुख्य कारण तापमान नसून दिवसाची लांबी आहे. जालना जिल्हा साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर जूनमध्ये तो सव्वातेरा तासांपर्यंत जातो. डोळ्यांवर पडणारा उजेड जसजसा वाढतो, तसे शरीरातील मेलाटोनिन कमी होते, प्रोलॅक्टिन वाढते आणि हिवाळ्यातील लांब केस सुटू लागतात. त्यांच्या जागी आखूड, चकचकीत केस येतात.

याच वाढत्या उजेडामुळे घोड्या माजावर येऊ लागतात. घोडीचा गाभणकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. त्यामुळे या दिवसांत घोडी थोडी चिडखोर किंवा अस्वस्थ वाटली तर तिला लगेच खोडकर ठरवण्याचे कारण नाही. मात्र वरातीच्या गर्दीत तिला नेताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

दुसरी खूण त्याहून महत्त्वाची आहे. इतर घोड्यांचे केस गळून गेले आणि एकाच घोड्याचे लांब, राठ केस चैत्र संपत आला तरी अंगावरच राहिले, तर त्यामागे जंत, अपुरा आहार, दातांचा त्रास किंवा म्हातारपणातील ग्रंथींचा आजार असू शकतो. अशा घोड्याची तपासणी करून घ्यावी.

खरारा कसा करायचा?

खरारा, चंदी, तोबरा, नाल, मोतद्दार हे शब्द मराठीत पागेतून आले आणि टिकून राहिले. पागेत खरारा हे मोतद्दाराचे रोजचे काम असे. आज एक-दोन घोडी सांभाळणाऱ्याला मोतद्दार परवडत नाही, पण कामाची पद्धत तीच आहे.

१. घोडी सावलीत, मऊ दोराने, झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधा. समोरून नव्हे, खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जा. घोड्याला अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही.

२. मानेपासून सुरुवात करून मागे जा. खरारा गोल फिरवा, म्हणजे मेलेले केस, कोंडा आणि धूळ वर येते. केस गळण्याच्या दिवसांत रबराचा खरारा चांगला. लोखंडी दातांचा खरारा चेहऱ्यावर, गुडघ्याखाली आणि पाठीच्या कण्यावर चालवू नये. तिथे मांस कमी आणि हाड वर असते.

३. नंतर कडक ब्रश केसांच्या दिशेने, झटका देत चालवा. शेवटी मऊ ब्रश किंवा कोरडे फडके फिरवा. यामुळे कातडीचे तेल केसांवर पसरते. घोडीला जी चमक येते ती या तेलाची असते, बाजारातल्या फवाऱ्याची नव्हे.

४. आयाळ आणि शेपटी आधी बोटांनी सोडवा, मग कंगवा लावा. शेपटी विंचरताना मागे न राहता बाजूला उभे राहा.

५. डोळे, नाक आणि शेपटीखालचा भाग वेगवेगळ्या ओल्या फडक्यांनी पुसा. एकच फडके सगळीकडे आणि सगळ्या घोड्यांना वापरू नका.

६. शेवटी चारही खूर उचलून आतली घाण टाचेकडून टोकाकडे काढा.

हाताला काय लागले तर काय समजावे?

ब्रशनंतर एकदा मोकळा तळहात संपूर्ण अंगावरून फिरवावा. जे डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळते.

• कानाच्या आत, आयाळीखाली, पुढच्या पायांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी खडबडीत दाणे लागले तर ते गोचीड असू शकतात.
• पाठीवर किंवा मानेच्या उंचवट्यावर हात ठेवताच घोडी दबली किंवा कान मागे टाकले, तर खोगीर लागते आहे. तिथे पांढऱ्या केसांचा ठिपका असेल तर ती जुनी जखम आहे. व्रण भरेपर्यंत खोगीर ठेवू नये.
• फासळ्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. थंडीच्या केसांमुळे रोडावलेली घोडीही भरलेली दिसते. केस गळल्यावर खरी तब्येत कळते.
• पायावर एखादा भाग दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला, तर आत सूज आहे.
• गोल चकत्यांत केस जाऊन खपल्या धरल्या असतील तर गजकर्णाचा संशय घ्यावा. हा आजार माणसांनाही होतो. खरारा, ब्रश आणि झूल वेगळी करून धुवावी.

गोचीड मारताना ही चूक नको

गोचिडांमुळे घोड्याला रक्तातील परजीवींचा आजार होतो. ताप, भूक मंदावणे, डोळ्यांच्या आतली कातडी फिकट किंवा पिवळसर होणे ही त्याची लक्षणे. पण गोचीड दिसले की घरात ठेवलेले गाई-बैलांचे औषध फवारण्याची घाई अनेकदा महागात पडते.

गुरांच्या गोचिडांसाठी अमित्राझ हे औषध सर्रास वापरले जाते. घोड्यात ते आतड्याची हालचाल मंदावते. लीद अडते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ त्याच्यासाठी जीवघेणा असतो. बाटलीवर घोड्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर औषध वापरू नये. पशुवैद्यकाला विचारूनच औषध आणि मात्रा ठरवावी. जंताच्या औषधाबाबतही हेच. लीद तपासून घेतली तर औषधाची गरज आहे की नाही, हेही कळते.

ग्लँडर्स : गाठ फोडू नका

खरारा करताना पायाच्या किंवा मानेच्या कडेने एका रेषेत गाठी लागल्या, त्या फुटून चिकट पू येऊ लागला, नाकातून घट्ट पिवळसर स्राव आणि ताप असेल, तर ग्लँडर्सचा संशय घ्यावा लागतो. हा जिवाणूंमुळे होणारा आजार घोडा, गाढव आणि खेचरांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होऊ शकतो.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण करणाऱ्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात हा आजार कळवणे बंधनकारक आहे. रक्ताच्या नमुन्यांची तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या पद्धतीनुसार होते. आजार पक्का झाल्यास त्या जनावराला दयामरण द्यावे लागते आणि परिसरातील घोड्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात. मालकाला भरपाई देण्याची तरतूद सरकारी योजनेत आहे. म्हणून भीतीपोटी आजार लपवणे मालकाच्याही हिताचे नाही. त्याच घरातील माणसे रोज त्या घोड्याच्या श्वासाजवळ वावरत असतात.

डिसेंबरच्या सुमारास सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून आणलेला नवा घोडा लगेच जुन्या घोड्यांत बांधू नये. तीन-चार आठवडे त्याचे पाणी, तोबरा आणि खरारा वेगळा ठेवावा. सार्वजनिक हौदावर तोंड लावण्यापेक्षा स्वतःची बादली न्यावी. घोड्यांचा इन्फ्लुएंझाही असाच पसरतो. २००८-०९ मध्ये देशाच्या अनेक भागांत त्याची साथ आली होती.

आंघोळ कधी घालावी?

माघ-फाल्गुनात सकाळी गारवा असतो. लांब केस ओले राहिले तर घोडी कुडकुडते. त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कोरडा खराराच पुरेसा असतो. भोकरदन तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण नवी नाही. म्हणूनही रोजच्या धुण्यापेक्षा कोरडा खरारा परवडतो. आंघोळ घालायचीच असेल तर ऊन वर आल्यावर घालावी, कपडे धुण्याचा साबण टाळावा आणि पाणी निथळून काढावे.

घामेजलेल्या घोडीची गोष्ट वेगळी. गरम अंगावर गार पाणी ओतले की घोडा आखडतो, असा जुना समज आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या अभ्यासांनंतर तो मागे पडला. उष्माघाताची लक्षणे असतील तर संपूर्ण अंगावर सतत गार पाणी ओतावे, सावलीत व वाऱ्यावर उभे करावे आणि प्यायला पाणी द्यावे.

खूर आणि नाल

खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून नाल झिजलेली नसली तरी सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घ्यावा लागतो. लग्नसराईत घोडी डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास उभी असते. सैल नाल, वर आलेला खिळा किंवा लांबलेला खूर तिला तिथेच लंगडी करतो. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी नाल ठोकण्यापेक्षा किमान आठवडाभर आधी ठोकावी, म्हणजे खिळा चुकीचा बसला असेल तर वेळेत कळते.

खुराच्या आतून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर जागा ओली राहते आहे. लीद आणि मूत्र रोज काढून जमीन कोरडी ठेवणे हाच पहिला उपाय. खिळा किंवा काच रुतली तर धनुर्वाताचा धोका असतो. घोडा या आजाराला फार लवकर बळी पडतो, म्हणून धनुर्वाताची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी.

चारा : गोठ्यातले सगळे घोड्याला चालत नाही

चाऱ्याच्या बाबतीत घोडी म्हणजे बैल नव्हे. ती रवंथ करत नाही आणि तिचे पोट लहान असते. चारा दिवसभर थोडा थोडा आणि चंदी कमी प्रमाणात, दोन-तीन वेळा विभागून द्यावी. दिवसाचा कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के धरला जातो. आहारात बदल करायचा असेल तर तो सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा.

या भागात तीन गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात.

• मका : ओल लागून बुरशी धरलेला मका कोंबड्या-गुरांना चालेल म्हणून बाजूला काढला जातो आणि तोच तोबऱ्यात येतो. त्यातील विष घोड्याच्या मेंदूचे नुकसान करते. घोडा अडखळतो, आंधळ्यासारखा भिंतीला टेकतो आणि अनेकदा वाचत नाही. वासावरून शंका आली तरी असा मका देऊ नये.

• ज्वारी : चांगला वाळलेला, स्वच्छ कडबा बारीक करून देता येतो. पण कोवळ्या हिरव्या ज्वारीवर घोडा सोडू नये. त्यातून मूत्राशयाचा आजार आणि मागच्या पायांची कमजोरी येते.

• तयार खाद्य : गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हा घटक असतो. गुरांना तो चालतो, घोड्याच्या हृदयाला मात्र थोड्या प्रमाणातही घातक ठरतो. पोत्यावरील माहिती वाचल्याशिवाय ते देऊ नये.

ज्या शेतात नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झाली आहे, त्याच्या बांधावरचे गवतही कापून आणू नये.

पाणी, मीठ आणि वजनाचे गणित

विश्रांतीत असलेली घोडी दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पिते. उन्हात काम असेल तर गरज ६० लिटरच्या पुढेही जाते. घोड्याच्या घामात मिठाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे साधे मीठ चाटायला ठेवावे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, तर अंगातले पाणी कमी झाले आहे.

घोडी किती वजन पेलेल, हे कापडी टेपनेही काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० असे केले की अंदाजे वजन किलोत मिळते. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३६५ किलो येते. पाठीवरचे ओझे वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे या घोडीसाठी ७३ किलो, तेही खोगीर, झूल आणि दागिने धरून. नवरदेवाच्या पुढे-मागे लहान मूल बसवण्याआधी हा हिशेब करायला हवा.

वरातीच्या दिवशी काय पाळावे?

ओझे वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. तापमान ३७ अंशांपेक्षा जास्त असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावराला कामाला लावू नये, दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. काटे किंवा टोके असलेला लगाम याच नियमांनी बंद केला असून ही बंदी स्वारीच्या जनावरालाही लागू आहे. मार्च सरता सरता जालन्यात पारा ३७ च्या पुढे जाऊ लागतो. त्यामुळे तारीख घेतानाच वेळ सकाळची किंवा सायंकाळची ठरवणे मालकाच्या हातात आहे.

डीजेच्या भिंतीलगत घोडी उभी करू नये. माणसाला ऐकू येत नाहीत असे उंच स्वरही घोड्याला ऐकू येतात. फटाके आणि घोडी यांत अंतर ठेवण्याची अट सुपारी घेतानाच सांगून ठेवावी. दोन वरातींमध्ये खोगीर उतरवून, घाम पुसून, पाणी पाजूनच पुढे निघावे.

हे आकडे मोबाइलमध्ये ठेवा

घोडी शांत असताना मोजा आणि नोंदवून ठेवा.

• शरीराचे तापमान : ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस
• नाडी : मिनिटाला २८ ते ४४
• श्वास : मिनिटाला ८ ते १६

घोडी वारंवार पोटाकडे पाहते, लोळते, पाय आपटते, लीद टाकत नाही किंवा चंदी सोडते, तर तो पोटशूळ समजून तातडीने पशुवैद्यकाला बोलवावे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

चार आठवड्यांचे वेळापत्रक

पहिला आठवडा : रोज कोरडा खरारा सुरू. गोचीड, व्रण, गाठी यांची नोंद. लीद तपासणी.
दुसरा आठवडा : पशुवैद्यकाकडून दात आणि रक्ताची तपासणी, लसीकरण. चाऱ्यात बदल असल्यास हळूहळू सुरुवात.
तिसरा आठवडा : खूर छाटणी आणि नाल. खोगीर, पट्टे, लगाम उन्हात घालून तपासणे. फाटलेली गादी बदलणे.
चौथा आठवडा : पहिली पूर्ण आंघोळ. सजावट घालून, हलक्या आवाजात थोडे चालवून सराव.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ३.४ लाख घोडे आणि तट्टू उरले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५.६ टक्के आहे. टांगे गेले, शेतातले घोडे गेले. अनेक गावांत आता घोडा उरला आहे तो वरातीपुरता. एका घोडीवर घर चालवणाऱ्याची घोडी ऐन हंगामात लंगडली किंवा आजारी पडली, तर घेतलेली सुपारी परत करावी लागते आणि औषधाचा खर्च वेगळा. खराऱ्याला मात्र फक्त रोजचा अर्धा तास लागतो.